लावून ठेवलेली डिस्क

अब्बा,

दुपारी दोनला लाइट गेली ती अजून आली नाही. इन्व्हर्टरनेही मान टाकली, दुकानातले सगळे पडदे काळे झाले, आणि मला बरं वाटलं. आता निदान तासभर कुणाचा फोन येऊ नये असंच वाटतंय. बाहेर आपलं सोलापूरचं ऊन आहे, रस्त्यावर माणूस नाही. म्हणून कागद ओढला. आपण घरात बोलायचो ती भाषा मला लिहिता येत नाही. अम्मीने उर्दू शिकवायचा प्रयत्न केला, मी शिकले नाही, आणि मराठी शाळेत तुम्हीच घातलं होतं. कोर्टासमोर झाडाखाली बसून तुम्ही वकिलांचे मराठी टाइपरायटर दुरुस्त करायचात. ‘ळ’ची दांडी का अडकते आणि ‘क्ष’ अर्धाच का उमटतो हे तुम्हाला माझ्या बाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यामुळे मराठीत लिहिलेलं तुम्हाला परकं वाटणार नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते एका चुकीमुळे.

तुम्ही सोडून गेलात ते काम मी अजून करते. आठ-नऊ ठिकाणचे कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत. एका शाळेचं ऑफिस, एक दवाखाना, खताचं दुकान, दोन-तीन कारखाने. मशीन आता क्वचित बिघडतात, माणसंच गोत्यात येतात. तुमच्या वेळी व्हायरस यायचा तो कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून, आणि फार तर मशीन हळू चालायचं. आता बँकेतून बोलतोय म्हणून फोन येतो, एक अ‍ॅप टाका म्हणतात, आणि टाकलं की समोरचा माणूस आपल्या डोळ्यांदेखत आपलाच माऊस फिरवायला लागतो. मी रोज तेच सांगते. पासवर्ड पडद्याला चिकटवू नका. सगळीकडे एकच ठेवू नका. अवघड अक्षरांपेक्षा लांबलचक वाक्य ठेवा, ते लक्षातही राहतं. इंटरनेटचा डबा बसवला की त्याच्यावर कंपनीने छापलेला पासवर्ड आधी बदला. अपडेट आलं की ‘नंतर’ दाबू नका. लोक मान डोलावतात, चहा मागवतात, आणि पुढच्या महिन्यात पडद्यावर पिवळी चिठ्ठी असतेच. तुम्ही हे कसं सोसलंत, कळत नाही. तुम्ही चिडलेले मला आठवत नाही. की तुम्हीही थकत होतात, आणि आम्हाला दिसू देत नव्हतात?

टाइपरायटरचा धंदा बसला तेव्हा तुमचं वय पंचेचाळीस होतं. कोर्टात कॉम्प्युटर आले, आणि झाडाखालचे तुमचे जोडीदार एकेक करून रिक्षा चालवायला नाहीतर पानपट्टीवर गेले. तुम्ही एक दिवस हातगाडीवरून एक बंद पडलेला कॉम्प्युटर घरी आणलात. आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली चादर अंथरून तुम्ही तो उघडताय, मी कंदिलासारखा बल्ब धरून उभी आहे, आणि अम्मी ओरडतेय की माझा नान खटाईला तूप लावायचा ब्रश कुठे गेला. ब्रश तुमच्या हातात आहे, पंख्यातली धूळ काढताय. “देख गे,” तुम्ही मला म्हणता, “टाइपरायटर का बिगडा तो दिखता. इसका बिगडा तो दिखता नै. येच फरक है.” मी बारावी झाले होते. पुढचं शिक्षण कुठे आणि कसं याची घरात चर्चा चालू होती. त्या दिवसानंतर ती चर्चा कुणी केली नाही. मी तुमच्या मागे सायकलवर बसून कामाला यायला लागले. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून नेटवर्कच्या वायरची टोकं दाबायची पक्कड दिलीत, आणि सासरच्या बायका ती हातात घेऊन हा कसला अडकित्ता आहे म्हणून विचारत होत्या.

तुम्ही मला एकदाच बोललात. एका वकिलाचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. तुम्ही दुसरीकडे होतात, मी एकटी गेले, एकोणीस वर्षांची होते आणि सगळं येतं असं वाटत होतं. मी डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकलं आणि तासाभरात मशीन चकचकीत करून दिलं. संध्याकाळी वकिलाच्या कारकुनाने तुम्हाला गाठलं. आतले अर्ज, दावे, सगळं गेलं होतं. तुम्ही मला तिथे नेलंत. आवाज चढवला नाहीत. कारकुनासमोर म्हणालात, “बोल, तूने क्या किया.” मी रडत सांगितलं. मग घरी येताना सायकल हातात धरून चालत म्हणालात, “मशीन में तेरा कुच नै. जो है सो उनका है. पैले पूछना, इसमें तुमारा क्या क्या है. बाद में हात लगाना.” पुढचे चार दिवस आपण दोघं त्या ऑफिसात बसलो आणि कागदावरच्या प्रतींवरून एकेक अर्ज पुन्हा टाइप केला. तुम्ही वाचायचात, मी टाइप करायची. त्यानंतर कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी मी तो प्रश्न विचारते. निदान विचारायची.

आता सांगते काय झालं ते. पूर्व भागात टॉवेल आणि चादरींचा एक कारखाना आहे, तेलुगू घर आहे. म्हातारे मास्तर नक्षी काढतात, त्यांचा मुलगा कारखाना बघतो, आणि मुलाची बायको, म्हणजे मास्तरांची सून, कॉम्प्युटरवर बसते. मास्तर आधी चौकटीच्या कागदावर हाताने नक्षी काढायचे. हात थरथरायला लागला तेव्हा सुनेने त्यांना कॉम्प्युटरवर काढायला शिकवलं, आणि गेली आठ-दहा वर्षं त्यांची सगळी नक्षी त्या मशीनमध्ये होती. मी बॅकअपसाठी त्यांना बाहेरून लावायची एक डिस्क घेऊन दिली होती. नियम तुमचाच. दर शनिवारी लावायची, प्रत उतरवायची, काढायची आणि कपाटात ठेवायची. सून ते नीट करायची. मग ती बाळंतपणाला माहेरी गेली, आणि ते काम मास्तरांकडे आलं. दर शनिवारी मास्तरांचा फोन. “ताई, ती डबी कुठं लावायची ओ? हितं लागंना की.” दर शनिवारी मी समजवायची. शेवटी एका भेटीत मी डिस्क मागच्या बाजूला लावली, प्रत आपोआप उतरेल असं करून ठेवलं आणि म्हणाले, मास्तर, आता काढूच नका. ते खूश झाले. मीही सुटले. मला पूर्ण ठाऊक होतं की जो व्हायरस कॉम्प्युटरला लागेल तो सतत लावलेल्या डिस्कलाही लागतो. सून परत आल्यावर बदलू असं म्हणाले मनाशी. ती परत आली, तिचं बाळ रांगायला लागलं, तरी डिस्क तिथेच होती.

मग एका सकाळी साडेदहाला तिचा फोन आला. “ताई, सगळ्या फायलींची नावं बदलायलीत. माझ्यासमोर बदलायलीत.” मी गाडीवर होते. रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाले, “मागची इंटरनेटची निळी वायर उपस. इंटरनेटचा डबा बंद कर. दुसऱ्या मशीनचीही वायर काढ. बाकी कशाला हात लावू नकोस.” तिने केलं. त्यामुळे हिशेबाचं मशीन वाचलं. मी पोचले तेव्हा पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती, की फायली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे पाठवा. मी चिठ्ठीचा फोटो घेतला आणि मास्तरांच्या मुलाला सांगितलं, पैसे देऊन किल्ली मिळेलच असं नाही, पोलिसांत तक्रार द्या. मग मागे वाकून पाहिलं. डिस्कवरचा छोटा दिवा लुकलुकत होता. ती माझ्या मशीनला न लावता वेगळ्या पद्धतीने तपासली. तीही गेली होती, सगळीच्या सगळी.

झालं होतं असं, की एका नव्या गिऱ्हाइकाच्या नावाने मेल आला होता, सोबत बिल. फाइलीचं नाव बिलासारखं, चित्र बिलासारखं, शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, मात्र प्रोग्रामचं. शेपूट दिसत नव्हतं, कारण विंडोज ते आपोआप लपवतं, आणि ते दिसेल असं करून द्यायचं काम माझं होतं. दोन मिनिटांचं काम आहे. रोजच्या कामासाठी साधं खातं आणि प्रोग्राम टाकायला वेगळं खातं, हेही करून द्यायचं राहिलं होतं. यातलं काही मी त्या दिवशी बोलले नाही. मुलगा बायकोला म्हणाला, “कळत नाही तर हात कशाला लावतेस?” ती दाराला टेकून उभी होती, बाळ कडेवर. “बिल आलतं म्हणून उघडलं ओ. रोज येतातच की बिलं.” मास्तर खुर्चीत बसून नुसते पडद्याकडे बघत होते. मी बॅगेची चेन लावत होते. सगळे तिच्याकडे बघत होते आणि कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ती डिस्क मी पिशवीत टाकली, बघते काही निघतं का, म्हणाले, आणि बाहेर पडले.

आठ दिवस मी ती डिस्क घेऊन बसले. काहीतरी निघालं असतं तर बोलावं लागलं नसतं, खरा उद्योग हा होता. काही निघालं नाही. नवव्या दिवशी मी परत गेले. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. सून कारखान्याच्या मागच्या बाजूला बायकांमध्ये बसून टॉवेलच्या कडा शिवत होती. मला पाहून उठली, पाणी आणलं. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, “ताई, मला एक सांगा. मी कसं ओळखायचं होतं? पुढच्या वेळी चुकू नये म्हणून विचारते. पुढची वेळ येणार नाही तसं. आता बसूच देत नाहीत.” तिच्या हाताला शिलाई मशीनचं तेल लागलं होतं. मी तिला तिच्याच फोनवर दाखवलं, की नावाच्या शेवटी काय बघायचं, मेल कुठून आला हे कसं वाचायचं, ओळखीच्या माणसाचं बिल असलं तरी आधी फोन करून कसं विचारायचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शाळेतल्या पोरीसारखं एकेक पुन्हा म्हणून दाखवत होती. मला ते सहन होईना.

आत जाऊन मास्तर आणि मुलगा दोघांसमोर उभी राहिले. म्हणाले, “मेल तिने उघडला हे खरं आहे. असले मेल शिकलेली माणसंही उघडतात. पण ती डिस्क काढून ठेवलेली असती तर दुपारपर्यंत सगळं परत आलं असतं. डिस्क मी लावून ठेवली. मला माहीत असून लावून ठेवली.”

मुलाला पहिल्यांदा कळलंच नाही. मग म्हणाला, “तुम्ही? अहो, मग आठ दिवस का नाही बोललात?”

मी पिशवीतून ती डिस्क काढून टेबलावर ठेवली.

मास्तरांनी विचारलं, “काढलेली असती तर सगळं राहिलं असतं?”

“हो.”

“सगळं?”

“आधीच्या शनिवारपर्यंतचं सगळं.”

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग सांगितलं की एक मोठी चादर ते तीन वर्षं काढत होते. कधी विणली नव्हती, कुणाला दाखवली नव्हती, पुरी झाली की दाखवणार होते. मी म्हणाले, मास्तर, माझं चुकलं. “व्हय,” ते म्हणाले. एवढंच. मुलगा बाहेर गेला, परत आला, आणि तुसडेपणा न करता म्हणाला, “ताई, पुढच्या महिन्यापासून आम्ही दुसरा माणूस बघतो.” मी हो म्हणाले. सून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे कशी बघत होती ते मला नीट सांगता येणार नाही. आभार नव्हते त्यात. का असावेत? आठ दिवस ती टॉवेल शिवत होती.

महिना संपेपर्यंतचे दिवस माझे होते, ते मी तिथेच घातले. तुम्ही वकिलाकडे बसवलंत तसं कुणी बसवायला नव्हतं, पण दुसरं काय करणार हेही सुचेना. माळ्यावर जुने पुठ्ठे होते, भोकं पाडलेले, ज्यांच्यावरून मागाला नक्षी कळते. ते आम्ही खाली काढले, पुसले, मांडले. कॉम्प्युटरच्या आधीची बरीच नक्षी त्यांच्यात होती. त्यानंतरची काही कपाटातल्या नमुन्याच्या टॉवेलांवरून मिळाली, धागे मोजून. पुठ्ठे मला वाचता येत नाहीत, मुलालाही येत नाहीत. मास्तर वाचतात, पण त्यांना आता माऊसही धरवेनासा झाला होता. दोन दिवस ते मला सांगून बघत होते, मी चुकत होते. तिसऱ्या दिवशी ते वैतागून तेलुगूत काहीतरी ओरडले आणि सून हात पुसत आली. कुणी तिला बस म्हणालं नाही. ती बसली. मास्तर पुठ्ठ्यावर बोट फिरवत तेलुगूत आकडे म्हणायला लागले आणि ती एकेक चौकोन भरायला लागली. मुलगा दारातून बघून गेला. गेलेल्यातलं निम्मंही परत आलं नाही, अब्बा. ती मोठी चादर तर नाहीच. तिचा पुठ्ठाही नव्हता आणि नमुनाही. पण मी शेवटच्या दिवशी सामान आवरत होते तेव्हा मास्तर सुनेला डोळे मिटून काहीतरी सांगत होते, समोर पुठ्ठा नव्हता, आणि ती कोऱ्या पडद्यावर कोपऱ्यापासून सुरुवात करत होती.

मी जाण्याआधी तिला दोन डिस्का दिल्या. एक सोमवारची, एक शनिवारची, एक कारखान्यात, एक घरी. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघायची, कारण न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. नक्षीचं सॉफ्टवेअर जुनं आहे, जुन्या विंडोजवरच चालतं, म्हणून त्या मशीनला आता इंटरनेटची वायरच नाही. मेल दुसऱ्या मशीनवर. हे सगळं तिने वहीत उतरवून घेतलं. नवा माणूस लागला आहे, तरी ती कधीकधी मला फोन करते. कामापुरतं बोलते.

मी घरी येऊन तुमच्यासारखा विचार करायचा प्रयत्न केला. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी मला तिथे उभं करून म्हणाला असतात, बोल. टाइपरायटरचा धंदा बसला तेव्हा तुमचं जे वय होतं त्यापेक्षा माझं आता जास्त आहे, आणि मला अजून कुणीतरी बोल म्हणायला लागतं. लोकांना वाटतं हे काम बुद्धीचं आहे. ते नुसतं तेच तेच करण्याचं काम आहे, काढायचं, लावायचं, परत काढायचं, कंटाळा आला तरी. मी कंटाळले, एवढीच गोष्ट आहे. यात लबाडी नव्हती. पण त्या सुनेला जे भोगावं लागलं ते माझ्या लबाडीने भोगावं लागलं असतं तरी तेवढंच असतं.

लाइट आली. समोरचा पंखा फिरायला लागला, हे पान उडतंय, हातांनी दाबून लिहितेय. हे सर्व्हिसच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहिलंय, ती पानं फाडून ठेवावी लागतील, कारण उद्या दवाखान्यात जाताना रजिस्टर सोबत न्यायचं आहे. तुम्हाला एक सांगायचं राहिलं. कारखान्याचं झाल्यावर मी माझ्या सगळ्या ठिकाणी गेले. आणखी तीन ठिकाणी मी डिस्क तशीच लावून ठेवली होती. दोन ठिकाणची काढली, त्यांना कारणही सांगितलं. दवाखान्यातली अजून लागलेली आहे. डॉक्टरांना तुम्ही आठवता, ते अजून मला तुमची मुलगी म्हणूनच हाक मारतात. त्यांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून महिनाभर मी तिकडे फिरकले नाही.